उणे अकरा

एक पायरी जास्त निघाली. परवापर्यंत अमृतराव घाटाच्या त्या कोपऱ्यावर पुराची गाद साचलेली होती, गुडघाभर, आणि तिच्यावर लोकांच्या जाण्यायेण्यानं चांगली पायवाट पडली होती. काल कधीतरी कोणी पंप लावून ती धुऊन काढली. माझ्या पायाला हे कोणी कळवलं नव्हतं. तो आपला जमीन आहे असं धरून खाली गेला आणि तिथे जमीन नव्हती, वीतभर आणखी खाली दगड होता. धाडकन आदळले. कळ उजव्या गुडघ्यातून निघाली ती थेट दातांत. समोर नावेला डांबर लावत बसलेला मल्लाह ओरडला, "संभल के, माताजी!" माताजी म्हणे! अठ्ठेचाळीस वर्षांची मी, अजून विभागात सायकलवर जाते. भिंतीला धरून उभी राहिले आणि इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. घाटाचा आला, पंपवाल्याचा आला, त्या माताजीचा आला. पण खरं सांगू का, त्यांच्यापैकी कोणाचा तो नव्हताच. तो कालपासून साठलेला होता आणि पर्समध्ये घडी करून ठेवलेल्या एका कागदाचा होता.

गुडघा चोळता चोळता डोक्यात आकडे सुरू झाले. सवय मेली जात नाही. बासष्ट किलो वजन, वीतभर उंची, पाय ताठ, म्हणजे वजनाच्या तिप्पट तरी भार गुडघ्यानं सोसला असणार. सतरा वर्षं मी हेच करते. आमच्या विभागाच्या प्रयोगशाळेत जमिनीत एक लोखंडी पाटी बसवलेली आहे, जेवायच्या पाटाहून थोडी मोठी. फोर्स प्लेट म्हणतात. आम्ही नुसतं प्लेट म्हणतो. खेळाडू उडी मारून तिच्यावर उतरला की किती जोरानं आदळला ते ती सांगते, एका सेकंदात हजार वेळा. खेळाडूच्या कमरेला, गुडघ्याला, घोट्याला चकचकीत टिकल्या चिकटवायच्या, कॅमेऱ्यानं त्या टिपायच्या, की संगणकाच्या पडद्यावर काड्यांचा एक माणूस उभा राहतो. मांडीची काडी, पोटरीची काडी, मध्ये बिजागरी. प्लेटचा आकडा त्या माणसाच्या पायाखाली घातला की बिजागरीवर किती ताण पडला ते मॉडेल सांगतं. वजनाच्या पाचपटीच्या आत आदळला तर हिरवा, वर गेला तर लाल. ही रेघ आमच्या विभागप्रमुखांनी, डॉक्टर वासुदेव मुंडल्यांनी आखलेली. त्या काड्यांच्या माणसाला तोंड नाही, त्याला दुखत नाही, तो रडत नाही. मला मात्र गुडघे कळतात, ज्याचे त्याला कळत नाहीत इतके कळतात, अशी माझी घमेंड होती. ती मी सतरा वर्षं पोसली.

कालिंदीचा गुडघा हिरवा होता. श्रावणात मीच तो कागद छापून तिच्या हातात दिला होता. काशीत जन्मलेल्या मुलीचं नाव कालिंदी कशाला ठेवलं म्हणून मी तिच्या बापाला, विश्वेश्वर भटजींना, चिडवायची. ते घाटावर श्राद्धं-पक्षं चालवतात, माझ्या आईवडिलांचीही त्यांनीच केली. मुलगी एकोणीस वर्षांची, अंगानं काडीसारखी, तिहेरी उडी मारायची. तीनदा पाय टेकायचा आणि मग वाळूत पडायचं. त्यातल्या दुसऱ्या टेकण्याला गुडघ्यावर काय येतं ते मला विचारा. चोपन्न किलोंची मुलगी, पाचपट म्हणजे दोनशे सत्तर. तिचा आकडा आला दोनशे त्रेसष्ट. हिरवा. त्या हिरव्यावर तिला शिबिरात पाठवलं, त्या हिरव्यावर तिथल्या प्रशिक्षकानं रोजच्या चाळीस उड्या लावल्या, आणि बाराव्या दिवशी दुसऱ्या टेकण्याला तिच्या उजव्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला आवाज ऐकू गेला म्हणतात. काल मुंडले सरांनी मला केबिनमध्ये बोलावून एक कागद पुढे सरकवला. त्यावर लिहिलं होतं की उपकरणं सुस्थितीत होती आणि खेळाडूनं जुनी दुखापत चाचणीच्या वेळी लपवून ठेवली. खाली दोन सह्यांची जागा, एक माझी आणि एक तिच्या वडिलांची.

"तुमच्या लोकांतलीच आहे ना बाई ती," सर म्हणाले. सर नागपूरचे, आम्ही पिढीजात काशीतले मराठी. "मराठीत समजावून सांगा भटजींना. तुमचं ऐकतील ते. हे कागद गेले की विषय संपला."

"आणि तिचं काय होईल?"

"दोन वर्षं बंदी लागेल. नाहीतरी दोन वर्षं ती उडी मारणारच नाही न."

"आणि शिबिराच्या खर्चानं व्हायचं ते लखनौचं ऑपरेशन?"

"ते शिबिरात झालेल्या दुखापतीसाठी असतं. जुनीसाठी नाही." असं म्हणून सरांनी चहाच्या कपावर बशी ठेवली, माश्या बसू नयेत म्हणून. एवढी काळजी! चहाची!

मी बोलत नाही हाच तर माझा रोग आहे. तोंडात सगळं तयार असतं, दाताआड येऊन थांबतं, आणि मग घरी येऊन मी भांडी आपटते. काल घरी न जाता प्रयोगशाळेत गेले आणि रागारागानं श्रावणातली मूळ फाईल उघडली. मूळ फाईल कोणी उघडत नाही. तिच्यात प्लेट जे बोलली ते शब्दन् शब्द असतं, आणि आम्ही छापतो तो तिचा न्हाऊमाखू घातलेला कागद असतो. चार वर्षांपूर्वी सरांनी एक सोय करून घेतली होती: शून्याखालचं काही पडद्यावर दिसायला नको, कागदावर यायला नको, रेघ खाली गेली की वाईट दिसतं, पाहुणे विचारतात. एक ओळ होती, मीच लिहून दिली. मूळ फाईलीत कालिंदीची रेघ पाहिली आणि खुर्चीत ताठ बसले. तिची पद्धत अशी, की खोक्यावरून प्लेटवर उतरायचं, लगेच वर उसळायचं, पुन्हा उतरायचं. त्या दोन उतरण्यांच्या मध्ये ती हवेत असते. हवेत माणसाचं वजन शून्य. प्लेटवर कोणी नाही, म्हणजे शून्य, दुसरं काय असणार? कालिंदीचं उणे अकरा होतं. दुसरी उडी पाहिली, उणे दहा. तिसरी, उणे अकरा.

आता हसाल तुम्ही मला. मशीन बिघडलं असं मनात यायच्या आधी, अर्धा क्षण का होईना, मला ते खरं वाटलं. वाटलं, असेल एखादी पोर अशी, की हवेत गेल्यावर काहीच नसण्याहूनही हलकी होते. कारण मला तो क्षण माहीत होता. बारा वर्षांची असताना संकठा घाटाच्या बुरजावरून मी गंगेत उडी मारली होती. भाद्रपदातलं पाणी, गढूळ, बुरुजाच्या निम्म्यापर्यंत चढलेलं. मुलगे रोज मारायचे, मी वरून बघायची आणि मोजायची, एक, दोन, तीन आणि छप्प. एक दिवस कोणी नव्हतं. परकराचा काचा मारला आणि पाय सोडून दिले. ते जे काय होतं, पोट वर आलेलं, कानात वारा, अंगाला कुठेच काही टेकलेलं नाही, ते पुन्हा कधी मिळालं नाही. बाहेर निघाले तर पायरीवर वडील उभे. वडील पाठशाळेत व्याकरण शिकवायचे, आवाज कधी चढवायचे नाहीत. त्यांनी सगळ्या घाटादेखत एक थोबाडीत ठेवून दिली आणि शांतपणे म्हणाले, "मुलींनी पाय जमिनीवर ठेवावेत." ठेवले. एम.एस्सी. झाले, नोकरी लागली, आई गेली, वडील गेले, पाय जमिनीवरच. आणि मग दुसऱ्यांच्या मुलींच्या उड्या मोजायला बसले. मला त्या मोजण्याची लाज कधी वाटली नव्हती. काल वाटली.

तर आज सकाळी घाटावरून चालले होते ती मशीनवर चिडलेली होते, सरांवर चिडलेली होते आणि पर्समधल्या कागदावर चिडलेली होते. मशीन प्रत्येक वेळी अकरा किलो कमी सांगत होतं. दोनशे त्रेसष्टात अकरा मिळवा. दोनशे चौऱ्याहत्तर. लाल! ढळढळीत लाल! ती मुलगी शिबिराला जायलाच नको होती. काल सायंकाळी सरांना सांगितलंसुद्धा. त्यांनी ड्रॉवरमधून मशीनच्या तपासणीचं सर्टिफिकेट काढून दाखवलं, श्रावणातलंच, आणि म्हणाले, "बाकी कोणाच्या रेघेत आहे का हे? नाही न? मग मशीन कसं बिघडलं? एकाच मुलीला पाहून बिघडतं का ते?" आणि बाकी कोणाच्या रेघेत नव्हतं, खरंच नव्हतं, मी सगळ्या फायली काढून पाहिल्या होत्या. बाकीच्यांचे दोनशे ग्रॅम इकडेतिकडे. फक्त कालिंदीच. त्यामुळे माझं तोंड पुन्हा बंद झालं आणि मी कागद पर्समध्ये घातला. घरी नेऊन फाडीन म्हटलं होतं. फाडला नाही. सकाळी उठून तोच घेऊन निघाले, शहाण्यासारखी. अशी मी.

भटजींच्या दोन खोल्या घाटाच्या वर, जिन्याला दोर बांधलेला. लंगडतच चढले. कालिंदी जमिनीवर गादी टाकून भिंतीला टेकून बसली होती, उजवा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत पट्ट्यांच्या साच्यात, पुढे सरळ. मला पाहून उठायला गेली आणि तिचा चेहरा पांढरा झाला. "बस गं, बस," म्हटलं. तिची आई प्रभावती पाणी घेऊन आली. भटजी यजमान आटोपून नुकतेच आले होते, अंगावर ओलं उपरणं, कपाळावर गंध. मी कागद बाहेर काढला. काय करणार, त्यासाठीच तर आले होते. भटजींनी तो लांब धरून वाचला, सावकाश, आणि वाचताना त्यांचे ओठ हलत होते. मग त्यांनी मला विचारलं, "शरदिनीताई, तुमच्या सरांचं असं म्हणणं आहे का?"

"हो."

"एवढे शिकलेले आहेत, तर असेल काही." आणि ते पेन शोधू लागले. अहो, पेन शोधू लागले! मुलगी तिथे बसलेली, समोर. तिनं कागद बापाच्या हातातून ओढून घेतला, वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. कालिंदी माझ्याशी नेहमी मराठीत बोलायची, तोडकंमोडकं, हिंदी मिसळून; पण रडू आलं की ती सगळी हिंदीत जायची. "हमने कुछ नहीं छुपाया, मावशी," ती म्हणाली. "कसम से. गुडघा कधी दुखलाच नव्हता तर लपवणार काय?"

"माहीत आहे मला," मी म्हटलं.

"माहीत आहे, मग हा कागद कशाला आणला?"

पाण्याचं भांडं तोंडाला लावून बसले. प्रभावती बिचारी उगाच बोलू लागली. डॉक्टर काय म्हणाले, रात्री झोप कशी नाही, जेवण कसं नाही. "आणि एक सांगू का ताई," ती म्हणाली, "पाय मोडल्याचं नाही, पण हिला देवापुढे वाकता येत नाही त्याचंच जास्त लागलंय. लहानपणापासूनची सवय. कपाळ टेकवल्याशिवाय घराबाहेर पाऊल नाही. आता गुडघाच दुमडत नाही."

"शेवटचं तुमच्याकडेच टेकवलं होतं," कालिंदी म्हणाली. ती अजून कागदाकडेच बघत होती. "शिबिरात तर टेकवूच दिलं नाही. तिथले सर म्हणाले, ये सब नाटक बंद करो."

"आमच्याकडे? कुठे?"

"प्लेटवर. तुम्ही बघायच्या ना रोज."

बघायची. देवा रे, बघायची! तिचे आजोबा, भटजींचे वडील, तरुणपणी अखाड्यात उतरायचे. भटपणाही करायचे आणि दंडही पेलायचे. लहान कालिंदी त्यांच्याबरोबर जायची. अखाड्याच्या मातीत मुलींना पाय ठेवू देत नाहीत. पहिलवान उतरण्याआधी माती कपाळाला लावायचे, आणि ही बाहेर, उंबऱ्याच्या अलीकडे गुडघे टेकून, हात आणि कपाळ त्या दगडावर ठेवून बसायची, आत जायला मिळत नाही म्हणून निदान एवढं. हे तिनंच मला केव्हातरी सांगितलं होतं आणि मी म्हटलं होतं, मेल्यांनो, मातीला काय कळतं मुलगा की मुलगी! प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी आली तेव्हा प्लेट पाहून तिनं विचारलं, इथे पाय ठेवला तर चालतो ना? चालतो म्हटलं, त्यासाठीच आहे. तेव्हापासून दर उडीआधी ती प्लेटच्या कडेला गुडघे टेकायची, दोन्ही तळवे प्लेटवर पसरायची आणि मध्ये कपाळ ठेवायची. नुसतं स्पर्शून उठणारी नव्हती ती. सगळा भार सोडून द्यायची. बाकीची मुलं करतात तसं दोन बोटं लावून छातीला नेणं नाही. आणि उठली की थांबायची नाही, त्याच श्वासात खोक्यावर चढून उडी.

आणि मी काय करायची? मी टेबलाशी बसलेली असायची, बोट एका कळीवर. प्लेटला दर उडीआधी सांगावं लागतं, बाई, आता तुझ्यावर कोणी नाही, इथून मोजायला लाग. याला शून्य घेणं म्हणतात. सतरा वर्षांत लाखदा घेतलं असेल. खेळाडू प्लेटला हात लावून नमस्कार करतो, तो झाला की उडी, म्हणून नमस्कार सुरू झाला की कळ दाबायची, असा माझ्या बोटाला नाद लागून गेला होता. बाकीच्यांच्या दोन बोटांनी काही बिघडत नव्हतं. कालिंदीनं कपाळ टेकवलं की मी दाबायची. प्लेटवर त्या वेळी अकरा किलो कालिंदी असायची, आणि मी प्लेटला सांगायची की कोणी नाही. प्लेटनं ऐकलं. उठून ती दूर गेली की प्लेट म्हणायची उणे अकरा, आणि ते तिचं म्हणणं सरांच्या सोयीनं पुसलं जायचं, जी सोय मीच लिहून दिली होती. आणि खोटं कशाला बोलू, घाई हे एकच कारण नव्हतं. मला तो क्षण शुभ वाटायचा. लोखंडाच्या पाटीवर डोकं ठेवणाऱ्या त्या पोरीकडे पाहून मला बरं वाटायचं, आणि त्या बरं वाटण्यातच बोट खाली जायचं.

भटजींना अखेर पेन सापडलं होतं. मी त्यांच्या हातातून ते जवळजवळ हिसकावलं. "सही करू नका," म्हटलं. "कोणी आलं तरी करू नका. मी आले तरी करू नका." कागद घेतला आणि निघाले. कालिंदीला त्या वेळी काही सांगितलं नाही. जिना उतरताना सांगायचं धैर्य नाही म्हणून स्वतःला शिव्या दिल्या, आणि लगेच त्यामागून दुसरी भीती आली. तिला कळेल ते काय कळेल? की तिच्या नमस्कारानं तिचा गुडघा गेला. म्हणजे अखाड्यातल्यांचंच खरं झालं. मुलीनं कपाळ टेकवलं आणि विटाळ झाला. असं तिच्या डोक्यात शिरलं तर ते कोणत्या हॉस्पिटलात निघायचं? सोनारपुऱ्यापर्यंत चालत आले, रिक्षा मिळाली, आणि विभागात पोचेपर्यंत मी हेच घोळवत होते. गुडघा ठणकत होता. ठणकू दे म्हटलं.

केबिनमध्ये सर कोणाशी तरी फोनवर हसत होते. ते फोन ठेवेपर्यंत उभी राहिले. मग सगळं सांगितलं, एका दमात, पहिल्यांदाच. सरांनी ऐकून घेतलं आणि खुर्ची मागे सारली. "म्हणजे चूक तुमची," ते म्हणाले.

"शून्य माझं. पुसणं तुमचं."

"बाई, तुम्ही काय बोलून राहिल्या, समजतं का तुम्हाला? नोकरी जाईल. निवृत्तीला किती वर्षं उरली? कोणाला सांगितलं तुम्ही हे?"

"अजून कोणाला नाही."

"मग नका सांगू. असा नमस्कारबिमस्कार लिहून पाठवला तर हसतील आपल्याला. अकरा किलोचा नमस्कार! कोणी विश्वास ठेवणार नाही."

त्या शब्दांनी माझं डोकं फिरलं. कोणी विश्वास ठेवणार नाही! मुलीनं दुखणं लपवलं यावर मात्र सगळे ठेवणार, पटकन, पेन शोधून. "चला," म्हटलं. "चला माझ्याबरोबर." आणि काय वाटलं कोण जाणे, ते आले. प्रयोगशाळेत आमचे काशीनाथ होते, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, दिवाबत्तीपासून कुलपापर्यंत सगळं बघणारे. त्यांना टेबलाशी बसवलं. ती सोय आधी काढून टाकली, एक ओळ, दोन मिनिटं लागली नाहीत. मग चपला काढल्या आणि प्लेटच्या कडेला गुडघे टेकले. उजवा टेकताना आई आठवली. दोन्ही तळवे पसरले, मध्ये कपाळ ठेवलं. लोखंड गार होतं आणि त्याला शेकडो मुलांच्या बुटांचा वास होता. मी आयुष्यात कशापुढे असं डोकं ठेवलं नव्हतं, वडिलांपुढेही नुसती वाकायची. भार सोडायला शिकावं लागतं. मान ताठच राहत होती. मग तीही सोडली. "दाबा, काशीनाथजी," म्हटलं. त्यांनी दाबलं. हातांवर जोर देऊन उठले, गुडघा कटकन वाजला, आणि बाजूला झाले. प्लेटवर कोणी नव्हतं. पडद्यावर आकडा होता, उणे बारा.

मी सरांकडे वळले. "वजन किती तुमचं?" मी विचारलं.

"त्र्याऐंशी."

"उभे राहा."

ते बुटांसकट प्लेटवर उभे राहिले. का राहिले ते त्यांचं त्यांना माहीत. आकडा समोर असला की माणसाला बघावंसं वाटतंच. पडदा म्हणाला एकाहत्तर. काशीनाथजी तोंडावर हात ठेवून खोकले. "घ्या सर," मी म्हटलं, "बारा किलो उतरले. सर्टिफिकेट देऊ का?" सर प्लेटवरून उतरले, बाहेर गेले, आणि दार त्यांनी हळूच लावलं. चिडले असते तर बरं वाटलं असतं.

मी तिथेच बसून लिहिलं. सरांचा कागद उलटा केला आणि त्याच्याच पाठीवर लिहिलं. खेळाडूनं काही लपवलं नाही. तिन्ही उड्यांच्या वेळी शून्य मी चुकीचं घेतलं. शून्याखालचे आकडे विभागप्रमुखांच्या सांगण्यावरून पुसले जात होते, ते पुसण्याची ओळ माझी आहे. खरा आकडा दोनशे चौऱ्याहत्तर, लाल. तिच्या मूळ फायली आणि माझ्या नमस्काराची रेघ जोडली. सही केली, तारीख घातली. नमस्कार हा शब्द लिहिताना क्षणभर थांबले, त्याऐवजी एखादा शास्त्रीय शब्द शोधू लागले, आणि मग स्वतःचाच राग येऊन तोच ठेवला. तीन प्रती काढल्या. एक शिबिरवाल्यांना आणि एक वर कुलसचिवांना काशीनाथजी स्वतः सायकलवरून टाकून आले. तिसरी पर्समध्ये घातली.

ऊन उतरताना पुन्हा अमृतराव घाटावर गेले. या वेळी ती पायरी मोजून उतरले. कालिंदी सकाळी होती तशीच बसलेली. तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि कागद न काढता सांगितलं. प्लेट, कळ, तिचं कपाळ, माझं बोट, अकरा किलो. वाटेत ठरवलेलं एक वाक्य मी आधी बोलून घेतलं, "नमस्कार तुझा बरोबर होता, कालिंदी. शून्य माझं चुकलं." प्रभावतीनं पदर तोंडाला लावला. भटजी खिडकीबाहेर बघत राहिले. ऑपरेशन आता त्यांना नाकारता येणार नाही, बंदी लागणार नाही, हे सगळं भराभर सांगितलं. मुलगी ऐकत होती. माझी समजूत अशी की ती रडेल, आणि मी तिला जवळ घेईन. किती शहाणी मी!

"तुम्ही बघत होता ना माझ्याकडे?" तिनं विचारलं. मराठीत.

"हो."

"पहिल्या वेळी?"

"हो."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा, बाळ."

"बाळ नका म्हणू." तिचा आवाज बारीक होता आणि अजिबात कापत नव्हता. "मी डोळे मिटलेले असायचे. माझे मिटलेले होते, मावशी. तुमचे तर उघडे होते."

भटजी म्हणाले, "कालिंदी!" मी त्यांना हातानं थांबवलं. सतरा वर्षं, नाही, छत्तीस वर्षं दाताआड अडवलेलं बोलणं कसं असतं ते मला माहीत होतं, आणि हिनं अडवलं नव्हतं. तिनं ते सरळ माझ्या तोंडावर टाकलं होतं. ते लागायचं तिथे लागलं.

"जा तुम्ही," ती म्हणाली.

भिंतीला धरून उठले. तिसरी प्रत तिच्या गादीच्या कडेला ठेवली. तिनं तिच्याकडे पाहिलं नाही. दारात चपला घालताना म्हटलं, "उद्या येते."

"नका येऊ."

"येणार," मी म्हटलं, आणि दोर धरून जिना उतरू लागले.